माझ्याकडे चालतं

४ जानेवारी

आज कातळची सातवी आवृत्ती बांधून झाली. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी दखल घेईल अशी आशा नाही.

कातळ म्हणजे मी घरच्या घरी बनवत असलेली ऑपरेटिंग सिस्टीम. संगणक चालू केला की सगळ्यात आधी जी उभी राहते आणि जिच्या जिवावर बाकी सगळं चालतं, ती. कातळचं वैशिष्ट्य एकच, पाया सीलबंद. मशीनला तो वाचता येतो, पण त्यात कोणाला काही लिहिता येत नाही. वापरणाऱ्याची कागदपत्रं वेगळ्या कप्प्यात सुखरूप राहतात. बाकी त्याने दिवसभर काय वाटेल ते उद्योग करावेत. मशीन बंद करून चालू केलं की सगळे उद्योग पुसले जातात आणि पाया मी दिला होता तसाच्या तसा समोर येतो.

हे सुचायला विमा कंपनीच्या कचेरीत संगणक सांभाळत बावीस वर्षं काढावी लागतात. तिथे एका गृहस्थाने 'ही फाइल माझी नाही' म्हणून सिस्टीमचीच फाइल उडवली होती. दाव्यांच्या विभागातल्या एक बाई दर सोमवारी येऊन 'मी काहीच केलं नाही' म्हणायच्या, आणि दर सोमवारी त्यांनी काहीतरी केलेलं असायचं. माणसाला संगणक वापरू द्यावा, पण त्याला हात लावू देऊ नये, हे मी तिथेच शिकलो. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनी माझी ओळख 'आपले प्रिंटरवाले' अशी करून दिली. बावीस वर्षांनंतर!

कातळ रोज वापरणारे सध्या तिघं. मी, ही, आणि हिचा धाकटा भाऊ, जो दातांचा डॉक्टर आहे. शिवाय संकेतस्थळावरून चोपन्न जणांनी उतरवून घेतला. त्यांतल्या नऊ जणांनी पत्रं लिहिली. माइक चालत नाही, प्रिंटर सापडत नाही, वगैरे वगैरे. नवांनाही मी एकच उत्तर पाठवलं, माझ्याकडे चालतं.

९ जानेवारी

सकाळी चहा पुढ्यात ठेवता ठेवता ही म्हणाली, "अहो, माझा माइक परत बंद झाला."

"बंद झाला नाही. तू काहीतरी दाबलंस."

"मी हातसुद्धा लावला नाही. काल मशीन बंद केलं, आज चालू केलं, माइक गेला. हे तेराव्यांदा."

"माझ्याकडे चालतं," मी म्हटलं. आणि चालतंच. मी माझ्या मशीनवर बोलून दाखवलं, पडद्यावरची हिरवी पट्टी नाचली. हिने ते पाहिलं आणि जाऊन वही आणली.

ही वही हे एक वेगळंच प्रकरण आहे. ही एकोणीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. छापखाना बंद पडून चार वर्षं झाली, पण खोड गेली नाही. वहीत रकाने आखलेत. तारीख, काय केलं, काय दिसलं, निस्तरलं की नाही. माइक परत सुरू करायला मी ज्या तीन आज्ञा सांगितल्या होत्या त्या शेवटच्या पानावर लाल शाईने उतरवल्यात, कारण पाठ होत नाहीत म्हणे. तीन ओळी! एकूण नोंदी एकेचाळीस. मी म्हटलं, बाई गं, ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, इतिहासाचं पाठ्यपुस्तक नाही.

तीन आज्ञा मारून दिल्या. माइक चालू.

१७ जानेवारी

मेहुणा आला होता. वापरणारा असावा तर असा. आठ महिन्यांत एक तक्रार नाही. मी मुद्दाम विचारलं, दवाखान्यात कातळ कसा चाललाय?

"एकदम मस्त, भाऊजी. आहे असं कळतच नाही."

सिस्टीमची याहून मोठी तारीफ असू शकत नाही. हिला म्हटलं, बघ, शीक काहीतरी भावाकडून. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून बसतो, तरी त्याला वेळ काढून नीट वापरता येतं. दोघं एकमेकांकडे बघून हसली. भावंडांचं काय चालतं ते मला कधी कळलेलं नाही.

२९ जानेवारी

हिला एका प्रकाशनाकडून पत्र आलं. मुलांसाठी मोठा कोश काढतायत, आठ खंडांचा. घरी बसून मुद्रितं तपासायची, तीन वर्षांचं काम. सहा तारखेला संगणकावर समोरासमोर मुलाखत. मुलाखतीत मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा असतो, विरामचिन्हांसकट. जोडीने प्रूफं तपासताना एकजण असा वाचतो आणि दुसरा डोळ्यांनी मूळ प्रत बघतो, असं हिने समजावलं.

दुपारभर स्वयंपाकघरातून 'स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण पूर्ण' असं ऐकू येत होतं. चार वर्षांत हिचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. माझं लक्ष लागेना, म्हणून दार लोटून घेतलं.

३ फेब्रुवारी

ही म्हणते मुलाखत भावाच्या लॅपटॉपवरून देते. मला हे लागलं. नवऱ्याने सिस्टीम बनवायची आणि बायकोने महत्त्वाच्या दिवशी दुसऱ्याच्या दारात जायचं? मी म्हटलं, रंगीत तालीम करू. केली. माइक सुरू करून दिला, आवाज स्वच्छ गेला. मग मला म्हणते,

"अहो, एक विचारू? मशीन सुरू होताना खाली बारा अक्षरं येतात ना, ती तुमच्याकडची आणि माझ्याकडची वेगळी आहेत. एकही अक्षर जुळत नाही."

ती बारा अक्षरं मीच ठेवलीत. पायाची खूण आहे ती. आवृत्ती एक असेल तर खूण एकच असायला हवी. पण मी कामात होतो.

"डिस्क वेगळी म्हणून वेगळी दिसते," मी सांगितलं. "पडद्यावर प्रूफं तपासत बसू नकोस."

हिने तरी वहीत लिहिलंच. नोंद क्रमांक बेचाळीस.

६ फेब्रुवारी

झालं एकदाचं वाटोळं.

अकराची वेळ होती. दहा मिनिटं आधी मी हिचं मशीन स्वतः बंद करून चालू केलं. स्वच्छ सुरुवात, हाच तर कातळचा सगळा मुद्दा आहे. पडद्यावर तिघं आले, मध्ये त्यांच्या संपादकबाई. हिने नमस्कार केला, ओळख सांगायला लागली. तिघंही कानाला हात लावून मान हलवताहेत. आवाज जात नव्हता.

हिचा हात वहीकडे गेला. मी मागेच उभा होतो, वहीवर हात ठेवला. म्हटलं, "काही दाबू नकोस, आपोआप होईल." ऐन वेळी बोटं घातली की काय होतं ते मी बावीस वर्षं पाहिलंय. ही थांबली. चार मिनिटं सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. मग मी स्वतः आज्ञा मारायला गेलो तर घाईत मधलीच विसरलो. संपादकबाईंनी पडद्यावर टाइप केलं, 'पुन्हा कधीतरी पाहू', आणि खिडकी मिटली.

असले कसले प्रकाशक? चार मिनिटं धीर नाही आणि म्हणे आठ खंडांचा कोश काढणार.

हिने वही मिटली. मग म्हणाली, "मलाच हे जमत नाही." मी म्हटलं, "सवयीने जमेल." एवढं झाल्यावर मी याहून समजुतीने काय बोलणार होतो?

८ फेब्रुवारी

हिने वही कपाटात टाकली. दोन दिवस एक तक्रार नाही. घरात शांतता आहे. आठव्या आवृत्तीचं काम चांगलं पुढे गेलं.

११ फेब्रुवारी

ही बहिणीकडे गेली होती. म्हटलं, हिचा गैरसमज कायमचा काढून टाकावा. माळ्यावरचं जुनं मशीन उतरवलं, पुसलं, त्यावर सातवी आवृत्ती कोरी करकरीत टाकली. कोणाचं बोट लागलेलं नाही असं मशीन. संध्याकाळी हिच्यासमोर बोलून दाखवायचं, एवढाच बेत होता.

माइक बंद. प्रिंटर सापडेना. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तेच.

मग खालची बारा अक्षरं पाहिली. हिच्या मशीनवर होती तीच. माझ्याकडची वेगळी.

अर्ध्या तासात उलगडा झाला. गेल्या जुलैत प्रिंटरची एक दुरुस्ती पटकन करून बघायला मी माझ्या मशीनचा पाया पाच मिनिटांसाठी उघडला होता. बंद करायचा राहिला. तेव्हापासून मी जाता येता जी जी डागडुजी केली, ती माझ्याच मशीनच्या पायात जात राहिली. ज्या यादीवरून सगळ्यांसाठी कातळ बांधला जातो, त्या यादीत त्यातलं काहीच गेलं नाही. माइकसुद्धा नाही. माझ्याकडे चालत होतं, कारण मी जो वापरत होतो तो कातळ नव्हताच.

डिस्क वेगळी म्हणून खूण वेगळी, हे मी हिला दिलेलं कारण तिथल्या तिथे रचलेलं होतं.

कचेरीतल्या त्या गृहस्थाने निदान एकच फाइल उडवली होती. मी स्वतःला अक्कल वाटणारा माणूस समजत होतो. नऊ परक्यांना आणि एका घरच्या माणसाला मी सात महिने मूर्खात काढलं, तेही स्वतःच्या घोडचुकीच्या जोरावर.

ही आल्यावर सांगतो.

१२ फेब्रुवारी

काल ही दमून आली. विषय काढला नाही. आज सगळी दुरुस्ती यादीत घातली, आठवी आवृत्ती बांधली, जुन्या मशीनवर तपासली. माइक चालतो, प्रिंटर चालतो. हिच्या मशीनवरही टाकली आणि म्हटलं, "नवी आवृत्ती टाकलीय, आता चालेल."

"असू दे," म्हणाली. चालू करूनही पाहिलं नाही.

दुरुस्ती झालेली आहे. आता सांगून कोणाचं काय भलं होणार आहे, हाही विचार करायला हवा.

१६ फेब्रुवारी

हिने मैत्रिणीला पाठवायचं पत्र माझ्याकडे दिलं. "तुम्हीच पाठवा. माझ्याकडून काहीतरी बिघडायचं." आता हिचं टपालखातंही मीच सांभाळायचं का? पण पाठवलं. पत्रात एकही चूक नव्हती.

१९ फेब्रुवारी

दुपारी जेवताना सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं तोच ही म्हणाली, छापखान्यातल्या जुन्या माणसांना आता कोण विचारतंय, वेळेवर थांबलेलं बरं. मी भाजी वाढून घेतली. अशा वेळी तांत्रिक गोष्टी काढणं बरं दिसत नाही.

२४ फेब्रुवारी

कपाटातून वही काढून वाचली. तारीखवार, स्वच्छ अक्षरात. 'मशीन बंद-चालू केल्यावर' हे शब्द सव्वीस ठिकाणी आहेत. कोणीही शहाण्या माणसाने दोन पानं वाचली असती तरी रोग कळला असता. मी एकदाही उघडली नव्हती.

वही जशी होती तशी परत ठेवली. मी भित्रा आहे. हे निदान इथे तरी लिहितो.

२८ फेब्रुवारी

सकाळी हिला फोन आला. मी शेजारच्या खोलीत. संपादकबाई होत्या. निवडलेला माणूस ऐन वेळी नाही म्हणाला, तुमची मुलाखत आता घेऊ या का, असं विचारत असाव्यात. मला ऐकू आलं ते हिचं बोलणं.

"नको हो. तुमचा वेळ कशाला घालवू? मला आता संगणकावरचं जमत नाही... छे छे, मशीनचा दोष नव्हता. माझाच होता. घरात कोणाचंही चालतं, माझंच बिघडतं."

मी उठलो. दारात जाऊन म्हटलं, "फोन ठेवू नकोस."

हिने फोनवर हात ठेवला. "काय झालं?"

"माइक तुझ्यामुळे बंद नव्हता. माझ्यामुळे होता. जुलैपासून माझ्याच मशीनचा पाया उघडा आहे. तू लिहिलेलं सगळं बरोबर होतं. ती बारा अक्षरंसुद्धा."

हिने फोनवरचा हात काढला. मग फोनवर म्हणाली, "मी तुम्हाला दहा मिनिटांत फोन करते." फोन खाली ठेवला.

"केव्हा कळलं तुम्हाला?"

'काल' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. सोपा होता.

"अकरा तारखेला."

हिने बोटांवर मोजलं. "सतरा दिवस."

"पण दुरुस्ती मी दुसऱ्याच दिवशी केली," मी म्हटलं. "तुझ्या मशीनवरही टाकली."

"मशीन दुरुस्त केलंत," ही म्हणाली. "मी सतरा दिवस तशीच होते."

ही खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला फार बरं वाटलं असतं. दहाव्या मिनिटाला हिने फोन उचलला आणि म्हणाली, "चार तारीख चालेल मला."

१ मार्च

दिवसभरात माझ्याशी चार वाक्यं बोलली. चारही पाण्याच्या मोटरीबद्दल.

मी सुचवलं की आता कातळ पक्का आहे, दहादा तपासून देतो, मुलाखत घरूनच दे. ही म्हणाली, "परीक्षा माझी आहे. तुमच्या कातळची नाही." दवाखान्यात जाऊन भावाच्या लॅपटॉपवरून देणार आहे.

४ मार्च

मीही गेलो. ये म्हणाली नाही, नको असंही म्हणाली नाही. ही आतल्या खोलीत बसली, दार लावलं. मी बाहेर, गाल सुजलेल्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर.

रुग्णांच्या नोंदींचा संगणक समोरच होता. पडद्यावर बाजारात मिळते ती नेहमीची सिस्टीम. मेहुणा बाहेर आला आणि माझी नजर कुठे आहे ते त्याच्या लक्षात आलं.

"भाऊजी, खरं सांगू? दुसऱ्याच दिवशी काढलं. एक्स-रे उघडत नव्हते."

"मग आठ महिने मस्त मस्त काय म्हणत होतास?"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे..." त्याने तोंडावरचा मास्क वर ओढला. "ताई म्हणाली, सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. तुम्ही येणार असलात की तीच आधी फोन करायची. मग मी तुमच्या कातळचा पेनड्राइव्ह लावून मशीन तेवढ्यापुरतं त्यावरून चालू ठेवायचो."

खुर्चीत बसून हिशेब केला. मेहुण्याने काढून टाकला होता. माझ्या मशीनवरचा खरा नव्हता. म्हणजे आठ महिने कातळ रोज वापरणारं माणूस जगात एकच होतं, आणि मी त्याला म्हणत होतो, शीक काहीतरी भावाकडून.

आतून आवाज येत होता. अर्धविराम, नवा परिच्छेद, कंसात सन. मध्येच पलीकडच्या कोणीतरी काही विचारलं, हिने लगेच उत्तर दिलं आणि सगळे हसले. शेजारचा सुजलेला गाल मला विचारू लागला, आत कोण आहे? माझी बायको, मी म्हटलं. मुद्रितशोधक आहे.

७ मार्च

काल हिला पत्र आलं. सोमवारपासून काम सुरू. लॅपटॉप भावाने देऊन टाकलाय. कातळचं काय, असं मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "मैत्रिणीला पत्रं त्यावरून लिहीन. काम नाही."

आज संकेतस्थळासाठी निवेदन लिहिलं. चार वेळा लिहिलं, चारही वेळा त्यात 'काही तांत्रिक कारणांमुळे' आलं. ते काढलं. मग कागदावर छापून हिच्यासमोर ठेवलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझं लिहिलेलं काही मी पहिल्यांदाच हिला तपासायला दिलं. निवेदन असं होतं.

'कातळच्या सातव्या आवृत्तीपर्यंत माइक आणि प्रिंटर चालत नव्हते. ज्या नऊ जणांनी तसं कळवलं त्यांचं बरोबर होतं. माझ्या स्वतःच्या मशीनचा पाया जुलैपासून उघडा राहिला होता, त्यामुळे मला दोष दिसला नाही, आणि मी कळवणाऱ्यांनाच दोष दिला. चूक लक्षात येताच मी ती कबूल केली. दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी केली.'

हिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली. एकेका शब्दाखाली टोक फिरवत वाचलं. पहिली खूण 'नऊ'वर केली. ते खोडून 'दहा' केलं. मी मान हलवली. ते बरोबरच होतं, मलाच सुचायला हवं होतं.

पुढे पेन्सिल बराच वेळ एका जागी थांबली. मग हिने 'लक्षात येताच' यावर एक सरळ रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'लक्षात आल्यावर सतरा दिवसांनी'.

"लोकांना काय करायचंय त्याच्याशी?" मी म्हटलं. "आणि दुरुस्ती तर खरंच दुसऱ्याच दिवशी केली होती."

"ते वाक्य मी ठेवलंय," ही म्हणाली, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

दुपारी निवेदन हिच्या दोन्ही दुरुस्त्यांसकट संकेतस्थळावर लावलं.